परीक्षा खारीची, गुण जातील तुझे

एडिसन, न्यू जर्सी

चि. निनाद,


तुझा आणि तुझ्या कुत्रीचा, खारीचा, व्हिडिओ दोनदा पाहिला. एकदा खारीकडे बघत आणि एकदा नुसता तुझ्याकडे बघत. खारी छान चालली आहे. बोलायचं आहे ते तुझ्याबद्दल, आणि फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करून विसरतोस, म्हणून लिहिते.

तुझी समजूत अशी दिसते, की ओबिडियन्सच्या, म्हणजे कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धेच्या, रिंगणात कुत्रं किती धाकात आहे ते पाहतात. म्हणून तू छाती काढून, जबडा आवळून, एनसीसीच्या परेडला उभा असल्यासारखा "खारी, बस!" असं खेकसतोस. अमेरिकन केनेल क्लबची, म्हणजे एकेसीची नियमावली फुकट मिळते. ती एकदा नीट वाच. कुत्र्याने काम अचूक करावं, पण मनापासून आणि आनंदाने करावं, असं त्यात म्हटलं आहे. हँडलरने, म्हणजे कुत्र्याबरोबरच्या माणसाने, सहज आणि हळुवार असावं. लष्करी थाट आणि दरडावून दिलेले हुकूम यांना गुण कापावेत, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तुझा तो आवाज खारीला शिकवायला लागत नाही, आणि रिंगणात तो थेट तुझ्या गुणांतून वजा होईल.

या स्पर्धांचा जन्मच मुळी रुबाबाच्या विरोधात झाला. हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाई न्यूयॉर्क राज्यात मोठे पूडल पाळायच्या. ही कुत्री म्हणजे नुसती नटवी, असं लोक चिडवायचे. बाईंनी ऑक्टोबर 1933मध्ये माउंट किस्कोला वडिलांच्या जागेत चाचणी भरवली. आठ कुत्री आली. 1936मध्ये एकेसीने हा प्रकार आपल्या नियमांत घेतला. पुढच्याच वर्षी वॉकरबाई आणि ब्लांश सॉन्डर्स गाडीला ट्रेलर जोडून, तीन पूडल बरोबर घेऊन निघाल्या आणि देशभर सुमारे दहा हजार मैल प्रात्यक्षिकं करत हिंडल्या. दाखवायचं एवढंच होतं, की घरातलं कोणतंही कुत्रं माणसाबरोबर शहाण्यासारखं वागू शकतं. हे 'कोणतंही' मात्र बरीच वर्षं अर्धवटच राहिलं. संकरित आणि बिनवंशावळीच्या कुत्र्यांना एकेसीच्या रिंगणात 2010पर्यंत जागा नव्हती. पुण्याहून आणलेली आपली गावठी खारी त्याआधी फक्त कुंपणाबाहेर बसून बघू शकली असती. आता ती 'कॅनाइन पार्टनर्स' म्हणून नोंदली गेली, की गोल्डन रिट्रीव्हर आणि बॉर्डर कोलींच्या रांगेत तिचा नंबर लागतो, आणि तिला वेगळी मोजपट्टी लावत नाहीत.

आता गुणांचं गणित. एकूण गुण 200. पास व्हायला 170 हवेत, पण त्याबरोबर प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त हवेत. ही दुसरी अट नवे लोक वाचतच नाहीत. समज, खारीने सगळं बिनचूक केलं आणि फक्त हाक मारल्यावर आली नाही. त्या प्रकाराचे 30 गेले, उरले बरोबर 170. तरीही नापास! एका गोष्टीत हुशारी दाखवून दुसरीचं पाप धुता येत नाही. शिवाय कमीत कमी कपात अर्ध्या गुणाची. बसताना ढुंगण वाकडं झालं, अर्धा. वळणावर पाऊलभर मागे राहिली, अर्धा. हे तुला खडूसपणाचं वाटेल. पण पहिल्या नंबरासाठी झगडणारी दोन कुत्री तुझ्या-माझ्या डोळ्यांना सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक परीक्षकाने दुसरा कशाने मोजायचा? तुला त्या अर्ध्या गुणांची काळजी इतक्यात नको. तीस गुणांची मोकळीक आहे, ती वापर.

सगळ्यात जास्त गुण चालण्याचे आहेत, पट्ट्यासह 40 आणि बिनपट्ट्याचे 40. खारीचं डोकं ते खांदा हा भाग तुझ्या डाव्या नितंबाच्या रेषेत हवा. परीक्षक सांगेल तसं थांबायचं, वळायचं, सावकाश चालायचं, पळायचं. पट्ट्यासह चालण्यात आठाचा आकडा येतो. आठ फुटांवर दोन स्टुअर्ड, म्हणजे रिंगणातले मदतनीस, उभे असतात आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढत चालायचं. मी गेली कित्येक वर्षं स्टुअर्डचं काम करते, म्हणजे बहुतेक वेळा त्या आठाचा खांब होऊन उभी राहते. हात बांधून, गप्प, नजर समोर. तिथून कुत्र्यापेक्षा माणसांचे पायच जास्त दिसतात. डावीकडे वळताना कुत्रं आतल्या बाजूला येतं, तेव्हा त्याने हळू व्हायचं असतं. उजवीकडे वळताना ते बाहेर जातं, त्याला लांबचा फेरा पडतो, तेव्हा त्याने वेग वाढवायचा असतो. माणसाचा वेग मात्र दोन्हीकडे तोच राहायला हवा. परीक्षा आहे ती हीच, की वेग कुत्रं बदलतं का तू बदलतोस. नव्वद टक्के नवे लोक उजव्या वळणावर नकळत रेंगाळतात, कुत्रं मागे पडेल या धास्तीने. मग मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे बघतात. खांदा मागे गेला, की कुत्र्याच्या दृष्टीने तो 'हळू हो' असा इशारा असतो, आणि ते आणखी मागे पडतं. परीक्षक दोन्ही लिहितो, कुत्र्याचं मागे राहणं आणि हँडलरने चाल बदलणं.

तू नेमकं हेच करतोस, व्हिडिओच्या साधारण मध्यावर. उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा. आठ फुटांवर दोन खुर्च्या मांड, खारीला घरात ठेव आणि तू एकटा चाल. मोबाइलवर मेट्रोनोम लाव. पाय त्या ठोक्यावर पडू लागले, की मगच तिला आण. शेजारी काय म्हणतील याची काळजी करू नकोस. तुझ्या सबडिव्हिजनमध्ये लोक झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळून फेब्रुवारीपर्यंत ठेवतात.

जाता जाता एक. हल्ली मान पार वर करून, मालकाच्या तोंडाकडे टक लावून चालणारी कुत्री दिसतात आणि यूट्यूबवर त्यांचाच बोलबाला आहे. नियमात तशी मान वर हवी असं कुठेही नाही. खारीला ते अवघडच जाईल. रस्त्यावर वाढलेल्या वंशाचं कुत्रं, ते चारी बाजूंना बघत चालणार. बघू दे. तुझ्या बाजूला राहिली म्हणजे झालं.

खरी कसोटी तिला आहे ती तपासणीच्या वेळी. पट्टा काढायचा, तिला उभं करायचं, 'थांब' म्हणायचं आणि तू सहा फुटांवर जाऊन तिच्याकडे तोंड करून उभा राहायचं. परक्या परीक्षकाने येऊन डोकं, पाठ आणि मागचा भाग हाताने चाचपायचा, तिने जागचं हलायचं नाही. लॅब्रेडॉरला हा लाड वाटतो. गावठी कुत्र्याला परक्या माणसाचा हात वरून आला, की शंका येते. यावर दरडावणं हा उपाय नाही. तुझ्या ओळखीतल्या वेगवेगळ्या माणसांना बोलाव. टोपीवाले, दाढीवाले, काठीवाले, परफ्यूमवाले सगळे चालतील. प्रत्येकाने आधी नुसतं जवळून जायचं, मग पाठीला बोट लावायचं, मग डोक्याला. घाई केलीस, तर या एका प्रकारावर सहा महिने मागे जाशील.

आता बोलावणं. खारीला बसवून तू साधारण पस्तीस फुटांवर जाणार, परीक्षकाने सांगितलं की हाक मारणार. तिने तडक यायचं, तुझ्यासमोर सरळ बसायचं, इतकी जवळ की पाय न हलवता तुझा हात तिच्या डोक्याला लागावा. मग पुन्हा सांगितल्यावर वळसा घेऊन डाव्या बाजूला. हुकूम एकदाच. नाव आणि शब्द मिळून एकच हुकूम धरतात, म्हणजे "खारी, ये" चालतं. तू व्हिडिओत काय म्हणालास ते ऐक: "खारी ये, ये ये ये, ये ना गं!" ही आपली मराठी सवय. पोराला जेवायला बोलावतानाही आपण पाच हाका मारतो, आणि पोरगं पाचवीलाच उठतं, कारण आधीच्या चार खऱ्या नव्हत्या हे त्याला ठाऊक असतं. रिंगणात दुसरी हाक म्हणजे त्या प्रकारात शून्य. पुढे झुकणं, मान हलवणं, मांडीवर थाप मारणं हेही जादा इशाऱ्यात मोडतं. मराठी शब्दच वापर, भाषेचं बंधन नाही. पण 'ये' एकदा म्हण आणि हात सरळ खाली सोडून गप्प उभा राहा.

उलट चूकही होते. कुत्रं हाक मारण्याआधीच उठून येतं, तिथेही शून्य. सरावात दर वेळी तितकंच अंतर, तितकेच सेकंद आणि मग हाक, असं केलं की कुत्र्याला तो क्रम पाठ होतो आणि ते हुशारीने तुझ्या आधी निघतं. म्हणून चारातून तीनदा हाक मारूच नकोस. चालत परत जा, तिच्या शेजारी उभा राहा, शाबासकी दे.

बसून राहण्याचे प्रकार तिला जमतील. पूर्वी वरच्या वर्गात मालक नजरेआड जायचे आणि बिनपट्ट्याची कुत्री एका रांगेत तशीच बसायची. एखादं उठून दुसऱ्याच्या अंगावर जाण्याची भीती कायम असायची. 2018मध्ये ते बंद झालं, बरं झालं. आता नोव्हाइसमध्ये, म्हणजे तुझ्या पहिल्या वर्गात, पट्टा हातात आणि सहा फुटांवर मालक, एक मिनिट बसणं आणि एक मिनिट आडवं होणं.

रिंगणात खाऊ चालत नाही, खिशातही नको. तुझी सगळी शिकवण उजव्या खिशावर चालली आहे, हे खारी दर दहा पावलांनी तिथे बघून सांगते. आतापासून खाऊ बाहेर टेबलावर ठेव. काम संपलं, की दोघं धावत तिकडे जा. काट्यांचा किंवा विजेचा पट्टा आत चालत नाही, पट्ट्याला लटकणारा बिल्ला काढून ठेवायचा. आत शिकवणं, रागावणं, झटके देणं, काहीच चालत नाही. आत जाण्याआधी तिला फिरवून आण. रिंगणात घाण केली तर नापास. दोन प्रकारांच्या मधला वेळ मात्र तुझा आहे. तेव्हा पाठ थोपट, बोल. परीक्षक प्रत्येक प्रकाराआधी "तयार?" विचारतो. हो म्हणायची घाई करू नकोस. श्वास सोड, खारी तुझ्याकडे बघतेय ना बघ, मग हो म्हण. तिला तुझ्या आवाजातला ताण शब्दांआधी कळतो.

तुझ्या बाबांचा मेल आला, की हे सगळं खेळणं आहे, खरं काम पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात शिकलेल्या कुत्र्यांचं. बरोबर आहे. ती माग काढतात, स्फोटकं शोधतात. आपण नुसते वळसे घेतो. पण सगळ्यात वरचा युटिलिटी वर्ग त्यांना एकदा दाखव. पाच धातूच्या आणि पाच चामड्याच्या वस्तू असतात. एकीला तू तळहाताने वास लावायचा, परीक्षक ती हात न लावता कागदावर नेऊन बाकीच्यांत ठेवतो, आणि तोवर तू आणि कुत्रं पाठ करून उभे. मग वळून एकदाच पाठवायचं. नोव्हाइसभर जो तोंड आवरायला शिकलेला नसतो, तो इथे हटकून घोटाळा करतो. कुत्रं बरोबर वस्तूवर नाक टेकून क्षणभर थबकतं, याच्या जिवाची घालमेल होते, हा काहीतरी पुटपुटतो, आणि बिचारं बरोबर वस्तू सोडून दुसरी उचलतं. कोणती वस्तू बरोबर हे त्या दोघांत फक्त कुत्र्याला ठाऊक असतं. खारी तिथवर पोचेल असं मला वाटतं. तुझं सांगता येत नाही.

घाई करू नकोस. 'सी. डी.' ही पदवी तीनदा पास झाल्यावर मिळते, आणि तिन्ही वेळा एकच परीक्षक चालत नाही. म्हणजे एका वाईट दिवसाने काही बुडत नाही. वसंतातली स्पर्धा सोड, तोवर तपासणीचं होणार नाही. त्याऐवजी तिथे प्रेक्षक म्हणून जा, खारीला न घेता, आणि दिवसभर फक्त हँडलरांच्या खांद्यांकडे बघ. शरद ऋतूतल्या स्पर्धेचा अर्ज भर, आणि भरताना वर्ग 'नोव्हाइस ए' लिही. 'बी' आधी पदवी मिळवलेल्यांसाठी असतो. अर्जाची मुदत स्पर्धेच्या बरीच आधी संपते, तेव्हा तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाक.

तुझी,
सुमामावशी