पाच-सहा युरोंची बाटली बिनधास्त ने!

माद्रिदला येऊन तुला जेमतेम महिना होतोय आणि ऑफिसातल्या मैत्रिणीने शनिवारी घरी जेवायला बोलावलंय. रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आपल्याला आईने शिकवलेलं. मग तू सुपरमार्केटात गेलीस आणि लाल वाइनच्या त्या भिंतीसमोर तुला घाम फुटला, हो ना? स्वस्त नेली तर चिक्कू वाटेन आणि महाग नेली तर महिनाअखेर कशी काढू! अगं, खरं सांगू का, इथल्या घरांत रोजच्या जेवणाला पाच-सहा युरोंचीच बाटली उघडतात. तेव्हा किमतीची लाज आधी सोड. आणि बाटली नेली म्हणून प्यायलाच हवी असंही नाही. पाणी मागितलंस तरी कोणी डोळे वटारत नाही.

आता बघ, बाटली हातात घेतलीस की पुढच्या लेबलावरचा वाडा-बिडा विसर आणि ती उलटी फिरव. रिओहा या वाइनसाठी नावाजलेल्या भागातल्या बाटलीवर मागे छोटं अधिकृत लेबल असतं. त्यावर क्रियान्सा असेल तर लाल वाइन निदान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा म्हणजे पाच. पण ही मुरण्याची वर्षं आहेत गं, चवीचे मार्क नव्हेत! पिंपं महाग असतात, माल वर्षानुवर्षं तळघरात अडकवून ठेवणंही महाग. म्हणून चार युरोंत रेसेर्वा दिसली की मला शंकाच येते. तेवढ्या पैशांत मी सरळ कमी मुरलेली, तरुण वाइन उचलते.

आणि माझं ऐकशील तर गार्नाचा नावाच्या द्राक्षाची वाइन घे. लेबलावर काम्पो दे बोर्हा किंवा कालातायुद हे नाव शोध. दोन्ही भाग आरागोनमधले, सारागोसा प्रांतातले. काम्पो दे बोर्हाच्या डोक्यावर मोंकायो नावाचा सुमारे 2,300 मीटर उंच डोंगर आहे. तिथल्या जुन्या द्राक्षवेली नाशिकसारख्या मांडवावर नसतात. गुडघा-मांडीएवढ्या बुटक्या, आधाराशिवाय एकेकट्या उभ्या असतात. पाऊस कमी, त्यात सिएर्सो नावाचा कोरडा वारा सुटतो, त्यामुळे वेलींवर बुरशी फारशी टिकत नाही. म्हाताऱ्या वेली द्राक्षं थोडीच देतात, पण रस घट्ट. मग ही वाइन एवढी स्वस्त कशी? एक तर रिओहाएवढं नाव नाही, आणि बरीचशी वाइन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था करतात. सहकार काय असतो ते तुला-मला कोणी सांगायला नको! फक्त लेबलावरचा अल्कोहोलचा आकडा बघ. गार्नाचा साडेचौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत सहज जाते आणि गोडसर फळांच्या वासामुळे ते कळतही नाही. पोटात काहीतरी टाकून बस आणि परत येताना मेट्रोनेच ये.

चव घ्यायचं एवढं दडपण का घेतेस? ग्लास तिसरा हिस्सा भर, देठाला धरून हलकेच फिरव आणि नाक आत घाल. लोक काय काय वास सांगतात ते ऐकून बावरू नकोस. फोडणी करपायच्या आधी ज्या नाकाला कळतं, ते नाक इथेही चालतं. गार्नाचात लाल बेरींचा वास येतो, मागून थोडी मिरी. अमेरिकन ओकमध्ये मुरलेल्या रिओहात व्हॅनिला येतो, कधी चक्क ओलं खोबरं! घोट जरा तोंडात घोळव. हिरड्या जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या तर तो टॅनिनचा तुरटपणा. गार्नाचात तो कमी असतो, म्हणून नवख्या जिभेला ती बरी. आणि लाल वाइन थंड करायची नसते हे कोणी सांगितलं तर मान डोलाव आणि सोडून दे. माद्रिदच्या उन्हाळ्यात खोली तिशीला टेकते. अशी कोमट वाइन नुसती दारूसारखी झोंबते. आधी फ्रिजमध्ये गार कर, पंधरा-सोळा अंशांवर ती मस्त लागते.

तू शाकाहारी, म्हणून हेही सांगते. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटीन वापरतात. वाइनमध्ये अंड्याचा किंवा दुधाचा अंश उरला असेल तर लेबलावर लिहावं लागतं, जिलेटीनचं तसं नाही. म्हणून 'व्हेगानो' लिहिलेली बाटली घे, हल्ली बऱ्याच मिळतात. सल्फाइटची सूचना बघून मात्र दचकू नकोस, ती जवळपास प्रत्येक बाटलीवर असते.

बूच काढताना स्क्रू बरोबर मधोमध, सरळ घाल. माझं एक बूच आत पडलं होतं आणि मी पाहुण्यांदेखत चहाच्या गाळणीने वाइन गाळली. चवीत काही फरक पडला नाही, फक्त माझा रुबाब गेला!

पुढच्या वेळी तू त्यांना घरी बोलावशील तेव्हा बटाट्याची भाजी, वांग्याचं भरीत, थोडं शाकाहारी चीज एवढं पुरे. झणझणीत रस्सा करणार असशील तर वाइनच्या नादी लागू नकोस, अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. तळाशी थोडी राहिलीच तर बर्फ आणि लिंबाची गासेओसा, म्हणजे इथला गोडसर सोडा, ओत. अख्खा स्पेन उन्हाळ्यात हेच पितो, त्याला तिंतो दे बेरानो म्हणतात.