रोशा गवत : माळाच्या जमिनीसाठी सुगंधी पीक



कालव्याचे पाणी चढत नाही असा माळाचा एखादा तुकडा आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असतो. उसाची जमीन मोडू नये. पण या तुकड्यावर रोशा गवताचा विचार करायला हरकत नाही. पीक परके नव्हे. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडच्या डोंगरातून त्याचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. (गवत आपले, नाव गुलाबाचे!) आज ते साबण आणि अत्तरांत लागते. त्यातला गुलाबासारखा वास जिरॅनिऑल या घटकाचा. चांगल्या तेलात तो ७५ ते ९० टक्के असतो, आणि भाव ठरताना पाहतात तो हाच.

म्हणून बियाण्यात फसू नका. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारखे, पण सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी आणि भावही कमी. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतियातून तृष्णा, पीआरसी-१ असे वाण काढले आहेत. खात्रीचेच बी घ्यावे.

बी फार बारीक. मे महिन्यात वाळूत मिसळून गादीवाफ्यावर टाकावे आणि पाऊस लागला की रोपे दोन फुटांच्या ओळीत लावावीत. पाणी साचले तर पीक बसते. पहिली खुरपणी चुकवू नये. एकदा लावले की तीन-चार वर्षे कापणी मिळते.

आता खरी गोम. उसाला तुरा आला की आपल्या पोटात गोळा येतो. इथे तुऱ्याचीच वाट पाहायची. उसाचे वाढे आपण जनावरांना टाकतो आणि कांडे गाडीत भरतो. रोशाचे उलटे. तेल तुऱ्यात आणि पानात, दांड्यात जवळजवळ नाहीच. तुरा फुलल्यावर आठ-दहा दिवसांनी कापावे. नुसते टनेज वाढवायला जून दांडे भराल तर भट्टीची जागा आणि जळण फुकट जाईल. टनाला साधारण तीन ते पाच किलो तेल उतरते. कापलेला माल ढीग घालून तापू देऊ नये, सावलीत पसरावा. चोथा वाळवून त्याच भट्टीत जाळता येतो, आपल्या बगॅससारखा.

विक्रीचे मात्र उसासारखे नाही. इथे ना नोंद, ना एफआरपी. व्यापारी नमुना तपासून भाव सांगतो, तो पडतोही. पण तोडलेला ऊस थांबत नाही, तेल थांबते. पाण्याचा अंश काढून, ॲल्युमिनियमच्या डब्यात काठोकाठ भरून, सावलीत ठेवले तर घाईने विकावे लागत नाही.

एकट्याने भट्टी घालणे परवडणार नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून आधी भट्टी आणि घेणारा व्यापारी पाहावा, मगच बी आणावे. रोपे मे महिन्यात टाकायची, तर हे बोलणे संक्रांतीच्या आसपास उरकायला हवे.