कटकटणारा क्लच गप्प करू नका

कापूस वेचणाऱ्या यंत्राचा गिअरबॉक्स एका रात्रीत जात नाही. आधी तो आवाज करतो, मग तापतो, मग तेल गाळतो. तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर ऐन हंगामात दात पाडून बसतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, नॅमॉय नदीच्या खोऱ्यातल्या वी वॉ गावाच्या आसपास मी ही यंत्रं दुरुस्त करतो. मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, म्हणून पऱ्हाटीशी जुनी ओळख. 1961 मध्ये कॅलिफोर्नियाहून आलेल्या पॉल काल आणि फ्रँक हॅडली यांनी ज्या मातीत इथली आधुनिक कापूसशेती सुरू केली, ती मातीही आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. फरक वेचणीचा. एप्रिल ते जूनमध्ये इथे माणसाचा हात बोंडाला लागत नाही. सहा ओळी एका दमात वेचणारं यंत्र शेतात शिरतं आणि मागून कापसाचा गुंडाळलेला, दोन टनांहून जड गोल गठ्ठा सोडत जातं.

अशी जुनी यंत्रं आपल्याकडे आणता येतील का, असं गावाकडून विचारणारे वाढले आहेत. किंमत, टायर, इंजिनाचे तास सगळं विचारतात; गिअरबॉक्सबद्दल क्वचितच कुणी विचारतं. म्हणून हे लिहितो आहे.

पोटात काय चालतं

या यंत्रात प्रत्येक ओळीसाठी एक स्वतंत्र युनिट असतं. त्यात दोन उभे ड्रम, ड्रमवर उभे पोकळ बार आणि प्रत्येक बारमधून बाहेर आलेले बोटाएवढे, टोकाकडे निमुळते, खाचा पाडलेले स्पिंडल. एका प्रचलित रचनेत पुढच्या ड्रमवर 16 आणि मागच्यावर 12 बार असतात आणि प्रत्येक बारवर 20 स्पिंडल. म्हणजे एका ओळीला 560 आणि सहा ओळींना 3,360 स्पिंडल. यातला प्रत्येक स्पिंडल स्वतःभोवती मिनिटाला काही हजार फेरे घेतो, उमललेल्या बोंडात शिरतो, सरकीसकट कापूस गुंडाळून घेतो आणि बाहेर येतो. मागे डॉफर नावाच्या रबरी चकत्या उलट्या दिशेने फिरत असतात. त्या गुंडाळलेला कापूस उलगडून काढतात, हवेचा झोत तो वर उडवून नेतो, आणि ओले पॅड स्पिंडल पुसून पुन्हा कामाला सोडतात.

ही कल्पना जुनी आहे. जॉन रस्टने 1936 मध्ये मिसिसिपीतल्या स्टोनव्हिलला आपलं यंत्र दाखवलं, त्याचे स्पिंडल गुळगुळीत आणि ओले होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1944 मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर चालवलेल्या यंत्रांचे स्पिंडल खाचांचे होते. आजच्या स्पिंडलला खाचाही असतात आणि पाणीही लागतं.

आता गिअरकडे. बारच्या पोकळीत एक बारीक उभा शाफ्ट असतो. त्यावर प्रत्येक स्पिंडलसाठी एक छोटा बीव्हल गिअर, तो स्पिंडलच्या बुडाशी असलेल्या गिअरला फिरवतो. बारच्या डोक्यावरचा गिअर ड्रमच्या माथ्यावरच्या मोठ्या गिअरशी जोडलेला. ड्रम, स्पिंडल आणि डॉफर या तिघांनाही चालना युनिटच्या वरच्या गिअरबॉक्समधून मिळते. तिघांच्या वेगाचं प्रमाण तिथेच ठरलेलं असतं आणि ते हलून चालत नाही. यंत्र ताशी सहा-सात किलोमीटरने पुढे जात असताना ड्रमची झाडाकडची बाजू जवळपास त्याच वेगाने मागे येते. त्यामुळे झाडाच्या दृष्टीने स्पिंडल जागच्या जागी आत जातो आणि बाहेर निघतो. हे प्रमाण बिघडलं की स्पिंडल झाड ओरबाडतो, बोंडं तोडतो, हिरवी कैरी गठ्ठ्यात घालतो.

इथे बेल्ट चालत नाही, कारण बेल्ट घसरतो. म्हणून गिअर. आणि गिअर घसरत नाही, म्हणूनच त्याच्या आधी घसरणारं काहीतरी हवं. तेच काम स्लिप क्लचचं. दातेरी कडांच्या दोन चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींत अडकलेल्या असतात. ड्रममध्ये दगड, लाकूड, तारेचा तुकडा अडकला की ताण वाढतो, स्प्रिंग दबते, चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात आणि कटकट असा मोठा आवाज येतो. तो आवाज ऐकून चालकाने थांबायचं, एवढीच अपेक्षा.

तीन वायसरांची किंमत

एका कंत्राटदाराने हंगामाच्या तोंडावर सहा ओळींचं जुनं यंत्र घेतलं. तपासणीला वेळ नव्हता, ढग येत होते, तो थेट शेतात उतरला. यंत्र छान चाललं, अगदी निमूट. इथे चारीतून सरीत पाणी सोडायला प्लॅस्टिकचे वाकडे सायफन पाइप वापरतात. त्यातला एक पाइप शेताच्या कडेला पडून राहिलेला होता, तो ड्रममध्ये गेला. क्लच वाजला नाही. चालकाला कळलं ते जळका वास आल्यावर. त्याने लगेच यंत्र कापसातून बाहेर काढून बंद केलं आणि अग्निशामक हातात घेतला, म्हणून आग लागली नाही. कापूस धुमसायला लागला की वरून विझलेला दिसतो आणि आतून पेटत राहतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

युनिट वर्कशॉपमध्ये आलं. झाकण उघडलं तर तेल राखाडी, हलवलं की चांदीसारखं चमकणारं. बीव्हल गिअरचे तीन दात गायब, त्यांचे तुकडे बेअरिंगमध्ये चिरडलेले, बेअरिंगची कडी तापून तपकिरी. दोन दातांचा तुटका भाग ताजा, खरखरीत, दाणेदार होता. तिसऱ्याचा अर्धा भाग मात्र गुळगुळीत आणि काळपट, त्यावर वळ्या उमटलेल्या. म्हणजे त्या दाताला तडा कितीतरी आधीच गेलेला होता. सायफनने फक्त शेवट केला.

मग क्लच खोलला. स्प्रिंगच्या मागे तीन जादा वायसर घातलेले, वर यंत्राच्याच रंगाचा हात मारलेला. कुणाला तरी कटकट ऐकायची नव्हती, किंवा विकताना ऐकू द्यायची नव्हती.

अकोल्याकडचा एक मुलगा तेव्हा आमच्याकडे हाताखाली होता. तो म्हणाला, "भाऊ, वायसर तीनच तर आहेत. एवढ्यानं काय होते?"

मी त्याला स्प्रिंग हातात दिली. "वेढे मोज, आणि दोन वेढ्यांमधली फट बघ. आता वायसर घालून आवळ."

त्याने आवळली. वेढ्याला वेढा टेकला.

"आता दाब."

"आता कुठून दबंल? लोखंडाचा ठोकळाच झाला हा."

घरातल्या फ्यूजमध्ये जाड तार घालावी तसा हा प्रकार. फ्यूज उडायचा थांबतो, जळायचं तेवढं आतलं जळतं. तो क्लच गेले कित्येक महिने क्लच उरलाच नव्हता. प्रत्येक लहान अडथळ्याचा धक्का सरळ दातांवर बसत होता. सुटे भाग यायला वेळ लागला, मधे पाऊस झाला, उरलेल्या शेतातला कापूस भिजून पिवळसर पडला आणि रंगाच्या प्रतवारीत खाली गेला. दुरुस्तीच्या बिलापेक्षा तो घाटा मोठा होता.

काय पाहावं, कसं पाहावं

तेल सपाट जागेवर, यंत्र थंड असताना पाहावं. ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावरचा लगदा बोटांत चोळावा. पिठासारखा बारीक असेल तर नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण निघाले तर यंत्र शेतात नेऊ नये. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी गेलेलं आहे, बहुधा धुताना. तेल जास्त भरणं हाही गुण नव्हे. फेस होतो, तापमान वाढतं, सील गळतं.

सील बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी ब्रीदर बघा. गिअरबॉक्सच्या माथ्यावरची ती छोटी टोपी कापसाच्या तंतूंनी बुजते. आतली हवा तापून फुगते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नवंकोरं सील चढवून लोक पुन्हा तिथेच येतात. शाफ्टवर गुंडाळलेला कापूस आणि सुतळी रोज संध्याकाळी सुरीने कापून काढा. ती गुंडाळी सीलच्या ओठाखाली शिरते आणि त्याला चिरत जाते.

ताप मोजायला लांबून तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर पुरतो. आकडा किती हे फारसं महत्त्वाचं नाही, शेजाऱ्याशी तुलना महत्त्वाची. सहा गिअरबॉक्स एकच काम करतात. त्यातला एकच जास्त तापत असेल तर दोष त्याच्यात आहे.

बारमधल्या बीव्हल गिअरांना पातळ, वाहणारं खास ग्रीस लागतं. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं तर ते वरच्या गिअरांपाशी थबकतं, खालचे कोरडे राहतात. आणि मापाबाहेर भरलं तर स्पिंडलच्या बुडातून बाहेर येऊन कापसाला डाग पाडतं. जिनिंगवाला ते लगेच ओळखतो. कुठे कोणतं तेल आणि कोणतं ग्रीस, हे त्या यंत्राच्या पुस्तकात दिलेलं असतं. दुकानदाराच्या शब्दावर ते बदलू नये.

क्लच एकदा वाजला तर थांबा, अडकलेलं काढा, पुढे जा. ड्रम मोकळा असून वाजत असेल तर चकत्यांच्या कडा झिजल्या आहेत किंवा स्प्रिंग थकली आहे. दोन्ही बदलायच्या वस्तू आहेत, आवळायच्या नव्हेत.

आणि हे सगळं करताना जीव आधी. अडकलेलं काढण्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात, पुढची युनिटं उचललेली असतील तर लॉक लावलेलं. फिरता स्पिंडल बाहीचा धागा पकडतो आणि पुढचं तो थांबून करत नाही. ड्रम सावकाश फिरवून बघायला वायरवरचा हातातला स्विच असतो. ज्याचा हात स्पिंडलजवळ, स्विच त्याच्याच हातात. "मी दाबतो, तू बघ" हा व्यवहार इथे चालत नाही, तुमच्याकडेही चालू देऊ नका.

आपल्याकडे आणण्याआधी

विदर्भातली लांब अंतरावरची, पसरलेली, टप्प्याटप्प्याने फुटणारी संकरित पऱ्हाटी या यंत्राच्या कामाची नाही. त्याला दाट पेरलेलं, आटोपशीर, एकाच वेळी फुटणारं झाड हवं. वेचणीआधी पानं गाळायचं औषध हवं. जिनिंगमध्ये काडीकचरा साफ करायची जादा यंत्रणा हवी. सघन लागवडीचं तंत्र नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बरंच पुढे नेलं आहे, म्हणून यंत्राचा विचार करणारे गट उद्या निघतीलही.

ते गट जुनं यंत्र बघायला जातील तेव्हा इंजिन चालू करून समाधान मानू नये. यंत्र बंद असताना प्रत्येक युनिटचा ड्रम हाताने हलवून बघावा. एका ओळीत ढिलाई शेजारणीपेक्षा जास्त लागली तर दात झिजलेले आहेत. सगळ्या क्लचच्या स्प्रिंगांची लांबी पट्टीने मोजावी. एखादी तोकडी निघाली तर तिच्यामागे काय दडलं आहे ते खोलून बघावं. गिअरबॉक्सवर ताजा रंग दिसला तर नटांच्या कडा बघाव्यात. मालकाने निचऱ्याचा प्लग काढू दिला नाही, तर भाव कितीही पडला तरी सौदा तिथेच सोडून यावं.