संगणक मधेच बंद पडतो? आधी ड्रायव्हर पाहा

लोणावळ्याकडे पावसात लाइट गेली अन् संगणक बंद पडला, तर ते समजते. पण लाइट असूनही पडदा काळा-निळा होत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा. ड्रायव्हर म्हणजे टोळीचा मुकादम. विंडोजचा हुकूम तो चित्राच्या चिपकडून करवून घेतो. चिप साधारण २ सेकंद अडली, की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. तेही साधले नाही, तर निळा पडदा येतो.

घाईने डिस्क फॉरमॅट कराल, तर उसाचा सारा हिशोब जाईल. आधी सेफ मोडमध्ये चालवा. तिथे साधा ड्रायव्हर असतो. हिशोबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. संगणक तिथे नीट चालला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. नवा घातल्यापासून त्रास असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करून जुना आणावा. तिथेही बंद पडला, तर धूळ, उष्णता अन् रॅम पाहावी.