‘फरक पडतोय हो, ताई!’

स्मरणशक्ती आणि चिंता यांवरच्या वनौषधींच्या चाचण्यांमध्ये सहभागी माणसांसमोर बसून शब्दांच्या याद्या वाचायच्या, वेळ मोजायची, प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, हे माझं काम. समोरची माणसं आजारी नसतात. शाळेतल्या बाई, बँकेतले कर्मचारी, नुकतेच निवृत्त झालेले काका. ‘फरक पडतोय हो, ताई,’ असं त्यांच्यातले बरेच जण मनापासून सांगतात. त्या सांगण्याला किती वजन द्यायचं, ते या कामानं शिकवलं.

१. आधी पान ओळखावं.
आपल्याकडे घरोघरी कुंडीत ब्राह्मी म्हणून जी असते, गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांची, ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. आयुर्वेदिक फार्माकोपियातली ब्राह्मी वेगळी: ओलसर जागी पसरणारी, बारक्या मांसल पानांची बॅकोपा मोनिएरी. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे, त्यामुळे तिला कमी लेखायचं कारण नाही. पण एकीवर झालेल्या चाचणीचा निकाल दुसरीच्या बाटलीवर छापणं चूकच. शिवाय चाचणीतली कॅप्सूल बहुधा ठरावीक प्रमाणात बॅकोसाइड हे बॅकोपातले घटक असलेल्या अर्काची असते. घरचं चूर्ण म्हणजे तोच डोस नव्हे. बॅचमधलं शिसं, पारा आणि आर्सेनिकही आधी तपासून घ्यावं लागतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांमधली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये या तिघांपैकी काहीतरी सापडलं होतं.

२. दुसऱ्यांदा परीक्षा देणारा सुधारतोच.
पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचायची, दर वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणायला सांगायचे, मग मध्ये वेळ जाऊ देऊन पुन्हा विचारायचे. ही जुनी, चांगली चाचणी. काही आठवड्यांनी तीच यादी वाचली, तर गोळी न घेताही माणूस पुढे गेलेला दिसतो. म्हणून तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्या याद्या हव्यात, आणि मराठी माणसासाठी त्या मराठीतच तयार केलेल्या हव्यात. ‘आमटी’नंतर ‘भात’ आला की जोडी आपोआप लागते. एका यादीत सगळे दोन अक्षरी शब्द आणि दुसरीत जोडाक्षरं, असं झालं तर आपण औषध नव्हे, यादी मोजतो. निरोगी माणसांत आणखी एक पंचाईत: पहिल्याच दिवशी चौदा शब्द सांगणाऱ्या बाईंना सुधारायला जागाच कुठे आहे?

३. चिंता कमी होते, रिकाम्या कॅप्सूलनंही.
यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. माणूस चाचणीत येतो तो बहुधा त्रासलेल्या दिवसांत. घरात आजारपण असतं, मुलाची बारावी असते, ऑफिसात ताण असतो. ते दिवस काही आठवड्यांत आपसूक सरतात. त्यात कुणीतरी नियमित बोलावतं, झोप कशी लागते विचारतं, निवांत ऐकून घेतं. प्रश्नावलीतले गुण उतरतात. हे उतरणं खरं आहे, त्या माणसाला खरंच बरं वाटतं. पण ते औषधामुळे झालं असं म्हणायचं, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल, घेणाऱ्यांपेक्षा ते जास्त उतरलं पाहिजे. नुसतं ‘आधी आणि नंतर’ दाखवणाऱ्या जाहिरातीवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

आणि प्लासिबो ओळखू येता कामा नये. अश्वगंधेला उग्र वास असतो, ब्राह्मी कडू लागते आणि काहींचं पोट बिघडवते. त्यामुळे शेवटच्या भेटीत मी प्रत्येकाला विचारते, ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं, आणि कशावरून?’ बहुतेकांनी वासावरून अचूक ओळखलं असेल, तर पुढची सगळी आकडेमोड डळमळीत होते.

४. महिनाभरात निकाल मागू नये.
२००१ साली ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी माणसांवर ब्राह्मीच्या ३०० मिलिग्रॅम अर्काची चाचणी झाली. पाचव्या आणि बाराव्या आठवड्यात मोजमाप झालं. परिणाम सर्वाधिक दिसला तो बाराव्या आठवड्यात. एकाच डोसनंतर दोन तासांनी तपासलेल्या दुसऱ्या गटात काहीच दिसलं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ब्राह्मी आणणाऱ्या पालकांना मी एवढंच सांगते.

ब्राह्मीच्याच २००२ च्या चाचणीत ४० ते ६५ वयाची ७६ माणसं होती. नव्यानं शिकलेलं विसरणं कमी झालं. पण शिकण्याचा वेग वाढला नाही, चिंताही घटली नाही. आधीच्या चाचणीत मात्र या दोन्हींत सुधारणा दिसली होती. आणखी महत्त्वाचं म्हणजे, रोजच्या जगण्यातली स्मरणशक्ती सुधारली का, या प्रश्नावलीतही फरक नव्हता. म्हणजे चाचणीत फरक दिसला आणि माणसांना तो जाणवला नाही! याच्या नेमकं उलटही मी नेहमी पाहते.

५. काय मोजणार ते आधी जाहीर करावं.
दहा चाचण्या घेतल्या की एखादीत योगायोगानं काहीतरी चमकतंच. भारतात २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे. तिथे मुख्य मोजमाप आधी लिहून ठेवलं की नंतर सोयीचं निवडता येत नाही. आणि निकाल शून्य आला तरी छापावा. स्मरणशक्तीसाठी म्हणून गिंको या वनस्पतीच्या गोळ्या जगभर खपत असताना २००८ साली तीन हजारांहून अधिक वृद्धांवरची, सुमारे सहा वर्षं चाललेली चाचणी प्रसिद्ध झाली: डिमेन्शिया टळला नाही. इतक्या माणसांच्या इतक्या वर्षांचं ते मोल आहे.

६. निरोगी माणसाला धोका पत्करायला लावताना दुप्पट जपावं.
अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थोड्या पण खऱ्या. थायरॉइडच्या संप्रेरकांवरही तिचा परिणाम होऊ शकतो. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की लोक ‘काही नाही’ म्हणतात. काढा, चूर्ण, मुलानं परदेशातून पाठवलेली बाटली हे औषध म्हणून कुणी मोजतच नाही. मी एकेकाचं नाव घेऊन विचारते.

७. कुणाला काय मिळालं याचा कोड उघडला की प्रत्येकाला कळवावं.
प्लासिबो मिळालेल्या एका काकांना मी ते सांगितलं, तेव्हा ते दुखावले. ‘म्हणजे माझी झोप सुधारली ते खोटं?’ मी म्हटलं, झोप सुधारली हे मी तुमच्याच नोंदवहीत पाहिलंय, ते खरं आहे. फक्त ते कॅप्सूलनं केलेलं नाही. मग आम्ही दोघांनी ती वही पुन्हा चाळली. चाचणीसाठी संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत कटाक्षानं पाळला होता.