अंगणांतील भूमिति

भूमितीचा पाठ केवळ फळ्यावरच मिळतो असें नाहीं. मुळशीच्या भातखाचरांच्या मुलखांत दिवाळीच्या पहांटे एखाद्या सारवलेल्या अंगणाशीं स्वस्थ उभें राहिल्यास तो तेथेंही मिळतो. मात्र पुरी झालेली रांगोळी पाहून भागत नाहीं. ती काढणारा हात पाहावा लागतो.

प्रथम साहित्य पाहूं. रांगोळीची पूड बहुधा शिरगोळा नांवाचा पांढरा दगड कुटून करितात. भाताच्या मुलखांत तुसें जाळून उरलेली पांढरी राखही या कामीं वापरण्याची रीत आहे. पूड किंचित् भरड असली म्हणजे बोटांतून सरळ सुटते; दमट झाली तर गुठळ्या होऊन रेघ तुटते. जमीन शेणानें सारवून वर गेरूचा चौकोन देतात, म्हणजे तांबड्यावर पांढरी रेघ उठून दिसते.

आतां हात पाहा. चिमूट अंगठा व तर्जनी यांमध्यें धरलेली असते आणि बोटें जमिनीस न टेकतां अधांतरीं फिरतात. हात संथ चालला तर रेघ जाड होते, जलद चालला तर बारीक. पट्टी नाहीं, कंपास नाहीं.

रेघांच्या आधीं ठिपके येतात. ‘सात ते चार’ म्हणजे मधल्या ओळींत सात ठिपके, आणि तिच्या दोन्ही अंगांस सहा, पांच व चार अशा उतरत्या ओळी. नव्या ओळीचा प्रत्येक ठिपका मागल्या ओळींतील दोन ठिपक्यांच्या मधोमध पडतो. म्हणून आंतल्या कोणत्याही ठिपक्यास सहा शेजारी असतात व सर्वांचा मिळून षट्कोन होतो. बेरीज करून पाहा : ७ + २ × (६ + ५ + ४) = ३७. ‘पंधरा ते आठ’ मांडल्यास याच रीतीनें १६९ ठिपके होतात. त्यांतील एक जरी सरकला, तरी पाकळी जुळत नाहीं. ज्या आजीबाईंना शाळेचें दार कधीं दिसलें नाहीं, त्याही हा हिशेब बिनचूक करीत आल्या आहेत. त्यांस अडाणी म्हणण्यापूर्वीं आपण थोडें थांबावें.

ही विद्या जुनी आहे. बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत धूलिचित्राचा उल्लेख आढळतो. तमिळ देशांतील कोलम् ही रांगोळीची बहीणच. तेथेंही ठिपके मांडून आकृति काढितात.

मुळशीकरांस तर तिचें मोल विशेष कळावें. १९२१ सालीं येथें धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. त्यांतूनच पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ म्हणून प्रसिद्ध झाले. तरीही धरण झालें आणि कित्येक गांवें घरादारांसह पाण्याखालीं गेलीं. अंगण असें बुडूं शकतें. पण ठिपक्यांची मोजणी ज्या हातांत आहे, ते हात जेथें जातील तेथें नवें अंगण सारवून ती पुन्हां मांडितात. तिला खरें भय आपल्या आळसाचें आहे. आज बाजारांत छापे व जाळीचे डबे मिळतात. त्यांनीं आकृति क्षणांत उमटते, परंतु मोजण्याची संवय लागत नाहीं.

यासाठीं या सुट्टींत एक काम करा. घरच्या अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंजवळ बसून एक आकृति शिका. ती ठिपक्यांसह वहींत उतरून घ्या, आणि खालीं शिकविणारीचें नांव लिहा. मुलींचें काम म्हणून मुलग्यांनीं तें टाळूं नये. दुसऱ्या दिवशीं अंगण झाडलें जाईल व रांगोळी केराबरोबर जाईल; त्यापूर्वीं ती तुमच्या हातांत आलेली असावी.