शब्द-अभ्यास : ‘मीटिंग’ म्हणजे काय?

शास्त्रवाचन : निर्गम ३३:७-११, याकोब २:१-४, इब्री १०:२४, २५

आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांत एक इंग्रजी शब्द रोज ऐकू येतो. बुधवारी प्रेयर मीटिंग, उपासनेनंतर कमिटीची मीटिंग, महिन्याअखेर संडे स्कूल शिक्षकांची मीटिंग. हा शब्द इतका घरचा झाला आहे की त्याचा अर्थ आपण कधी विचारीत नाही. या पाठात तो विचारू या.

(१) इंग्रजीतील मूळ : ‘मीट’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील ‘मेतान’ या शब्दापासून आले. त्याचा अर्थ समोरासमोर येणे, गाठ पडणे. त्याच कुळातला ‘गेमोत’ म्हणजे लोकांची सभा. राजाला सल्ला देणाऱ्या शहाण्या लोकांच्या सभेला ‘वितेनागेमोत’ म्हणत. म्हणजे या कुळात भेट व सभा असे दोन्ही अर्थ फार पूर्वीपासून आहेत. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडात राजमान्य चर्चच्या बाहेर भक्ती करणारे लोक आपल्या उपासनेला ‘मीटिंग’ व तिच्या जागेला ‘मीटिंग हाउस’ म्हणू लागले. क्वेकर लोक आजही तसेच म्हणतात.

(२) पवित्र शास्त्रात : अरण्यातील ज्या तंबूला इब्री भाषेत ‘ओहेल मोएद’ म्हटले आहे, त्यातील ‘मोएद’ म्हणजे नेमलेली वेळ किंवा भेट. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात ‘मंडळीचा तंबू’ अशा अर्थाचे शब्द आहेत. १८८५ च्या सुधारलेल्या भाषांतरात ‘भेटीचा तंबू’ असे झाले. आपल्या मराठी शास्त्रात ‘दर्शनमंडप’ हा सुंदर शब्द आहे. तेथे देव मोशेशी मित्रासारखा समोरासमोर बोलत असे. आधी देवाची भेट, मग लोकांचा जमाव, हा क्रम लक्षात ठेवावा.

नव्या करारात ‘एक्लेसिया’ हा शब्द आपण ‘मंडळी’ म्हणून वाचतो. पण इफिस शहरातील गोंधळलेल्या जमावालाही लूक हाच शब्द लावतो (प्रे. कृत्ये १९:३२). तेव्हा माणसे नुसती जमली म्हणून ख्रिस्ताची मंडळी होत नाही. याकोबाने ख्रिस्ती लोकांच्या सभेला ‘सिनेगॉग’, म्हणजे एकत्र आणणे, हा शब्द वापरला आहे. आणि लगेच प्रश्न केला आहे की तिथे श्रीमंताला कोठे बसवता व गरिबाला कोठे?

(३) वेस्लीचा क्लास : १७४२ साली ब्रिस्टल येथे उपासनागृहाचे कर्ज फेडायचे होते. बारा-बारा जणांचे गट करून प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. गटाचा पुढारी पैसे घ्यायला घरोघर जाऊ लागला, तेव्हा कोणाचे कसे चालले आहे हे त्याला कळू लागले. जॉन वेस्ली यांनी यातला लाभ ओळखला. पुढे घरोघर जाण्यास वेळ पुरेना, म्हणून गटाला एकत्र बोलावू लागले. तीच ‘क्लास मीटिंग’. तिचा जन्म भेटीतून झाला.

(४) आपल्या बोलीत : मिळणे, मेळावा, संमेलन हे शब्द ‘मिल्’ या एकाच संस्कृत धातूचे. २०१८ च्या फेब्रुवारीत आपल्याच शहरात ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, त्या नावातही ‘मिळणे’ आहे. निरोप घेताना गुजराती शेजारी ‘मळीशुं’ म्हणतात, आपण ‘भेटू’ म्हणतो. आणि मराठीत ‘भेट’ म्हणजे गाठ पडणे, तसेच हाती दिलेली देणगीही.

हे मी एका बहिणीकडून शिकलो. मी कमिटीचा सेक्रेटरी असताना एक वयोवृद्ध सभासद उपासनेस येईनासे झाले. तीन मीटिंगांत त्यांचे नाव निघाले. ‘भेट देण्यात यावी’ असा ठराव मी स्वतःच्या हाताने मिनिट बुकात लिहिला, आणि गेलो मात्र नाही. एके दिवशी मांडवीजवळ त्यांची पत्नी दिसली. ती म्हणाली, “भाऊ, आमच्याबद्दल तीन मीटिंगा झाल्या म्हणे. भेटायला कोणी आलं नाही.” मला उत्तर देता येईना. त्याच संध्याकाळी गेलो. ते गृहस्थ पडून होते. रागाचा एक शब्द न बोलता त्यांनी उशाशी स्टूल ओढायला सांगितले व म्हणाले, “प्रार्थना करा.”

इब्री लोकांस पत्राचा लेखक एकत्र मिळणे सोडू नका असे सांगतो, पण त्याआधी एकमेकांकडे लक्ष देण्यास सांगतो. तेव्हा मीटिंगा बंद करू नयेत. त्यांत भेट आहे की नाही, एवढे पाहावे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न :
१. ‘दर्शनमंडप’ या शब्दावरून उपासनेविषयी काय शिकता?
२. आपल्या सभेत मागे कोण बसते? का?
३. गेल्या महिन्यात न आलेल्या एका मुलाचे नाव सांगा. त्याच्या घरी कोण व कोणत्या दिवशी जाणार?